दोन मेंदूंचे आलेख जुळले, म्हणून संवाद झाला?

प्रिय विद्यार्थिमित्रा,

संवादाच्या अभ्यासात मेंदूविज्ञान आणायचं ठरवलंस, छान. पण कुठलं यंत्र वापरू, हे इतक्यात विचारू नकोस. आधी तुझा प्रश्न एका वाक्यात लिही, आणि मेंदूकडे न बघता त्याचं उत्तर मिळत असेल तर खोडून टाक.

एक खरा प्रश्न बघ. गप्पांत एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण 200 मिलिसेकंद जातात. समोरच्या चित्राचं नुसतं नाव सांगायलाच मात्र 600च्या आसपास लागतात. म्हणजे पहिला बोलत असतानाच दुसऱ्याच्या डोक्यात उत्तर जुळू लागलेलं असतं. नेमकं कधीपासून? रेकॉर्डिंग कितीही उगाळलंस तरी हे कळायचं नाही. ईईजीवर, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूचे विद्युत संकेत टिपण्याच्या पद्धतीत, कळू शकतं. एफएमआरआय, म्हणजे रक्तप्रवाहावरून मेंदूचं काम टिपणारं स्कॅन, इथे कामाचं नाही. त्यातला रक्तप्रवाहाचा बदल शिखर गाठायला 5-6 सेकंद घेतो, तोवर बोलण्याची पाळी फिरलेली असते.

ईईजीचीही एक खोड आहे: तोंड उघडलं की जबड्याच्या स्नायूंचे संकेत मेंदूच्या संकेतांवर चढतात. म्हणून ऐकणाऱ्याचा, बोलायला लागण्यापूर्वीचाच तुकडा घे. दोघांना दोन यंत्रं लावली असतील तर त्यांची घड्याळं हळूहळू सरकतात. दोन्हींत एकच खुणेचा संकेत सुरुवातीलाही सोड आणि शेवटीही.

आता खरी मेख. दोन मेंदूंचे आलेख जुळले की लोक हरखून जातात. अरे, एकच आवाज दोघांच्या कानी पडला तरी आलेख जुळतात! 2010 साली मेंदूशास्त्रज्ञ हॅसन आणि सहकाऱ्यांनी बोलणारी आणि ऐकणारे यांच्या मेंदूंत मेळ दाखवला. पण त्या कामाचं वजन आहे ते रशियन न येणाऱ्यांना रशियन गोष्ट ऐकवली तेव्हा तो मेळ उरला नाही, यात. असा ताळा तुझ्याकडेही हवा. 20 जोड्या असतील तर प्रत्येक बोलणाऱ्याला परक्या जोडीतल्या ऐकणाऱ्यांशी लावून बघ: 380 खोट्या जोड्या मिळतात. खरी जोडी त्यांच्या वर उठली नाही, तर तू मोजलास तो सगळ्यांना सारखंच काम दिल्याचा परिणाम, संवाद नव्हे.

आणि 'इन्सुला (मेंदूतला एक भाग) स्कॅनमध्ये उजळली म्हणजे सहानुभूती' असलं काही लिहू नकोस. ती वेदनेत, किळसेत, बोलतानाही उजळते.

ते एक वाक्य पाठव. यंत्राची वेळ मागाहून घेऊ.