जर्मनीत बाळंतपण करावं की माहेरी? 2020 मध्ये इथे बाळंत झालेल्या एकीचं उत्तर

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याला स्टुटगार्टला नोकरी लागली आहे, ब्लू कार्डचं (उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या नोकरी-निवास परवान्याचं) काम चालू आहे आणि तुम्हाला पाचवा महिना लागलाय. सोबत यावं, की नाशिकला माहेरी बाळंतपण करून बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की यावं, हा प्रश्न आहे. शिवाय 2020 सारखं पुन्हा सगळं बंद झालं तर परक्या देशात काय करायचं, ही तुमच्या आईची धास्ती. माझी मुलगी मे 2020 मध्ये इथेच, स्टुटगार्टच्या परिसरात झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. सातवा महिना सरायच्या आत इथे पोचणार असाल, सार्वजनिक आरोग्य विम्यात तुमचं नाव लागणार असेल आणि बाळंतपणानंतर घरी येणारी हेबामे आधीच ठरली असेल, तर खुशाल या. तिन्हीतलं एकही अडत असेल तर माहेरीच थांबा, त्यात काहीही कमीपणा नाही.

हेबामे म्हणजे इथली सुईण, रीतसर शिक्षण घेतलेली आणि परवाना असलेली. इथल्या कायद्याने प्रत्येक बाळंतपणाला हेबामे हजर असावीच लागते. सगळं सुरळीत असेल तर डॉक्टरांची मात्र तशी सक्ती नाही. बाळ झाल्यावर पहिले दहा दिवस ती रोज घरी येऊ शकते आणि पुढे बारा आठवड्यांपर्यंत लागेल तशी. पैसे विमा कंपनी परस्पर देते. मोठ्या शहरांत हेबामे मिळणं फार कठीण झालंय. इथल्या बायका दिवस राहिल्याचं कळताच शोध सुरू करतात. तुम्ही पाचव्या महिन्यात आहात, म्हणजे व्हिसाची वाट न बघता नाशिकहूनच आजपासून ईमेल पाठवायला लागा. घराचा पत्ता ठरला नसेल तर निदान कुठल्या भागात राहणार ते लिहा, कारण त्या जवळपासच्याच घरी जातात.

हेबामेवर इतका जोर का देतेय ते 2020 च्या अनुभवावरून कळेल. 17 मार्चला युरोपीय संघाने बाहेरच्यांना दारं बंद केली, 22 मार्चपासून भारताने आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली. माझ्या आईचं एप्रिलचं तिकीट होतं. अळीव, डिंकाचे लाडू, बाळगुटीचं सामान, आजीच्या जुन्या लुगड्याची दुपटी, सगळी बॅग भरून तयार होती, ती तशीच कोल्हापूरला राहिली. मे महिन्यात वंदे भारतची विमानं सुरू झाली, पण ती अडकलेल्यांना मायदेशी नेण्यासाठी.

इथे तपासणीला मी एकटीच आत जायचे, नवरा बाहेर फुटपाथवर उभा. त्या दिवसांत प्रत्येक हॉस्पिटलचा नियम निराळा आणि तोही आठवड्या-आठवड्याला बदलणारा. काही ठिकाणी नवऱ्याला प्रसूतिकक्षात अजिबात घेत नव्हते. आमच्याकडे नियम असा होता की कळा नीट लागल्यावरच त्याला बोलवायचं. माझ्या कळा औषधाने सुरू करायच्या होत्या, त्याला वेळ लागला. तेवढी अख्खी रात्र मी एकटी आणि तो खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून. बाळ झाल्यावर दोन-एक तास थांबू दिलं, मग त्याला घरी पाठवलं. वॉर्डात भेटायला कुणालाच परवानगी नाही. एकाच घरात, एकाच पलंगावर झोपणाऱ्या माणसाला संसर्गाच्या नावाखाली बाहेर ठेवणं चुकीचंच होतं, असं माझं आजही ठाम मत आहे. सोबतीला आपल्या माणसाला राहू द्यावं, बाळाला आईच्या अंगाशी द्यावं, कोविड झालेल्या आईनेही बाळाला पाजावं, असंच जागतिक आरोग्य संघटना तेव्हाही सांगत होती.

तिथल्या परिचारिका मात्र प्रेमाने वागल्या, हे सांगायलाच हवं. वॉर्डात भेटणाऱ्यांची वर्दळ नसल्यामुळे बाळाला पाजायला शिकायला निवांत वेळ मिळाला, हेही खरं. जेवणाची तयारी ठेवा. रात्रीचं जेवण म्हणजे गार ब्रेड, चीज आणि काकडीच्या चकत्या. बाळंतिणीला गार जेवण, हे आपल्या मनाला पटतच नाही. थर्मासमध्ये तूप-मेतकूट घातलेला मऊ भात नाहीतर खिरीसारखं काही घेऊन नवऱ्याला यायला सांगा.

मी घरी लवकर येऊ शकले ते केवळ हेबामेमुळे. इथे सगळं ठीक असेल तर बाळ झाल्यावर काही तासांतही घरी जाता येतं. फक्त घरी येणारी हेबामे आणि बालरोगतज्ज्ञ आधीच ठरलेले हवेत, कारण बाळाच्या टाचेच्या रक्ताची चाचणी 36 ते 72 तासांत आणि दुसरी मोठी तपासणी तिसऱ्या ते दहाव्या दिवसात व्हावी लागते. 2020 मध्ये अनेकींनी एकटं पडायला नको म्हणून हाच मार्ग धरला.

आमची हेबामे मास्क लावून यायची, आल्या आल्या खिडक्या उघडायला लावायची. बाळाला एका कापडात ठेवून त्याची चारी टोकं एकत्र धरायची, ती हातातल्या काट्याच्या हुकात अडकवायची आणि बाळ झोळीत झुलत असतानाच वजन वाचायची. पहिल्या दिवसांत वजन उतरलं तेव्हा मी घाबरले होते. तिने सांगितलं, दहा टक्क्यांपर्यंत उतरणं चालतं, दोन आठवड्यांत भरून येतं. कावीळ बघताना ती नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून सोडायची, मग डोळ्यांतला पांढरा भाग आणि हिरड्या बघायची, कारण सावळ्या कातडीवर पिवळेपणा चटकन दिसत नाही. दूध यावं म्हणून तिने जो चहा दिला त्यात बडीशेप, बडीशेपेसारखंच आनिस आणि शहाजिऱ्यासारखं बी होतं. आईला व्हिडिओवर दाखवलं, तर ती म्हणाली, "अगं, हे आपल्या बाळंतशेपेचंच भावंड!" आणि त्या दिवशी तिला पहिल्यांदा बरी झोप लागली.

आईची शेक-शेगडी, मालीश, टाळू भरणं, हे ज्याला-त्याला आपापलं. पण धुरी घेणार असाल तर लक्षात ठेवा, इथे झोपायच्या खोलीत धुराचा अलार्म बसवणं सक्तीचं आहे. बाळाला अंथरायला-पांघरायला गोधडी न देता झोपायच्या पिशवीत उताणं झोपवायला सांगतात. मी हे ऐकलं आणि तुम्हीही ऐका.

आता ती बंधनं राहिलेली नाहीत. हॉस्पिटलात भेटायला येणाऱ्यांना मास्कची सक्ती होती तीही एप्रिल 2023 मध्ये उठली. तरी हॉस्पिटलात नाव नोंदवताना सोबतीचा आणि खोलीत नवऱ्याने राहण्याचा नियम स्पष्ट विचारून घ्या. कुटुंबासाठीच्या खोलीचे वेगळे पैसे पडतात आणि ती मिळेलच याची हमी कुणी देत नाही.

निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून पाचव्या महिन्याची सोनोग्राफी करून घ्या. रक्तगट, एचआयव्ही, कावीळ बी आणि साखरेच्या चाचण्या, धनुर्वाताची इंजेक्शनं, सगळं इंग्रजीत लिहून घ्या. इथे आल्यावर डॉक्टर 'मुटरपास' नावाची छोटी पुस्तिका देतात आणि हे सगळं त्यात चढवतात. ती कायम पर्समध्ये असू द्या. बहुतेक विमान कंपन्या 28 व्या आठवड्यानंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि 36 नंतर घेत नाहीत. मी तुमच्या जागी असते तर तिसाव्याच्या आत आले असते.

विम्याचं विसरू नका. प्रवासी छापाचे स्वस्त विमे आधीपासून असलेलं गरोदरपण बहुधा वगळतात. नवऱ्याला पहिल्या दिवसापासून सार्वजनिक विमा घ्यायला लावा, म्हणजे तुम्ही आणि बाळ त्यात फुकट येता.

पालकभत्त्याचा हिशेब करताना एक ध्यानात घ्या. तो आधीच्या वर्षभराच्या कमाईवर ठरतो आणि भारतातला पगार त्यात धरत नाहीत, म्हणजे तुम्हाला बहुधा महिन्याला किमान 300 युरोच मिळतील. नवऱ्याला रजा हवी असेल तर कंपनीला सात आठवडे आधी लेखी कळवावं लागतं.

बाळाचा जन्म आठवड्याच्या आत नोंदवायचा असतो. दोघांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला इथल्या मान्यताप्राप्त अनुवादकाकडून जर्मनमध्ये करून घ्यावे लागतात, नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळलेलं हवं. त्यातलं काही जुळत नसेल तर नाशिकमध्येच दुरुस्त करा, इथून ते अवघड जातं. भारतीय नागरिकत्वासाठी म्यूनिकच्या आपल्या वाणिज्य दूतावासात वर्षाच्या आत नोंद हवी. इथे जन्मल्याने आपोआप जर्मन नागरिकत्व मिळत नाही. बाळाच्या निवास परवान्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा.

अजून दोन गोष्टी, ज्या इथे कुणी आपणहून सांगत नाही. बीसीजीची लस इथे देत नाहीत, त्यामुळे भारतात जाण्याआधी बालरोगतज्ज्ञांशी बोला. आणि आपल्या बाळांच्या कमरेवर निळसर डाग असतो, तो इथल्या एखाद्या नवख्याला मुका मार वाटू शकतो. पहिल्याच तपासणीत बाळाच्या तपासण्यांच्या पिवळ्या पुस्तिकेत त्याची नोंद करायला लावा.

राहिला तुमच्या आईचा व्हिसा. तिला 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, 30,000 युरोचा प्रवासविमा लागतो. तारखेच्या फार आधी बोलावू नका, बाळ झाल्यानंतरचे दिवस हाताशी राहू द्या. नवऱ्याला खिचडी, वरणभात आणि बाळाला अंघोळ घालणं आईसमोर आताच शिकून घेऊ द्या. हेबामेची उत्तरं काय येतात ते कळवा, जर्मनमधली ईमेल वाचायला मी मदत करेन.