हॅलोविनच्या वीकेंडला मित्रांबरोबर कोलोरॅडोतल्या डोंगरातल्या गावात जावं का? दिवाळी तेव्हाच आली असेल तर?

जा. डेन्व्हरहून जाणार असाल तर मॅनिटू स्प्रिंग्जला जा.

तुम्ही पुढे लिहिलं आहे की गटातले काही जण म्हणतात, लक्ष्मीपूजन तोंडावर आलेलं असताना भुताखेतांच्या सणात कशाला मिसळायचं? मी लिहायला बसले ती या वाक्यामुळे. आमच्याकडे याच गोष्टीवरून वाद झाला होता आणि तो अजून पुरता मिटलेला नाही.

२०२४ साली ३१ ऑक्टोबर गुरुवारी होता. महाराष्ट्रात बहुतेकांचं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला झालं. इथे अमेरिकेत मात्र वेळेच्या फरकामुळे अमावास्या ३१ तारखेच्या संध्याकाळी होती आणि १ तारखेला उजाडतानाच संपत होती, त्यामुळे इथल्या पंचांगात लक्ष्मीपूजन ३१ लाच, म्हणजे ऐन हॅलोविनच्या रात्री. शुक्रवारची रजा टाकून आम्ही मित्रमंडळींनी मॅनिटूत एक जुनं लाकडी घर भाड्याने घेतलं होतं. उतारावरची गल्ली, रस्त्यापासून दारापर्यंत दगडी पायऱ्या. अभ्यंगस्नान आणि पोहे आदल्या दिवशी आपापल्या घरी उरकून, लक्ष्मीचा फोटो, पणत्या, आकाशकंदील, लाह्या-बत्तासे असं सगळं गाडीत भरून निघालो.

आमच्या गटात जो वयाने मोठा, त्याला सगळे भाऊ म्हणतात. पुण्याचा. माणूस सोन्यासारखा, अडीअडचणीला रात्री दोन वाजता गाडी काढून येणारा. पण सणावाराच्या बाबतीत एकदा त्याचं मत ठरलं की ठरलं. त्याचा मुलगा तेव्हा चौथीत होता. शाळेतली सगळी मुलं सोंगं घेणार, मग आपण काय व्हायचं, हा प्रश्न घेऊन तो माझ्याकडे आला, कारण बाबा 'काहीच नाही' म्हणाला होता.

मी फोंड्याची. आमच्याकडे गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुर उभा राहतो. पोरं दिवस-दिवस खपून गवत, कागद, बांबू घेऊन तो करतात. लालभडक डोळे, बाहेर आलेले दात, लोंबती जीभ. रात्रभर त्याच्यापुढे वाजवायचं, नाचायचं, स्पर्धेला न्यायचं आणि पहाटे कृष्णाच्या हातून मारून जाळून टाकायचं. मग घरी येऊन उटणं, तेल, पायाच्या अंगठ्याने कारीट फोडणं आणि चार-पाच तऱ्हांचे पोहे. माझं बालपण त्या राक्षसाच्या तोंडाला रंग देण्यात गेलं. त्यामुळे भीतिदायक मुखवटा दिसला की सण बाटतो, हे मला कुणी सांगू नये.

आम्ही दोघांनी पुठ्ठ्याचा नरकासुर केला. दात थर्मोकोलचे, मिशा काळ्या लोकरीच्या. पोरगं इतकं रंगून गेलं होतं की जेवायलाही उठेना.

भाऊने मुखवटा पाहिला तो संध्याकाळी पूजेची मांडणी चालू असताना. "लक्ष्मी यायच्या वेळेला दारात राक्षस उभा करणार तू?" मी म्हटलं, "नरकासुर मेला म्हणून तर दिवाळी आहे, भाऊ." तो म्हणाला, "तो मेला ते साजरं कर. त्याचं तोंड लावून दारोदार गोळ्या मागायला पोराला पाठवू नकोस." मग त्याने मनातलं खरं बोलून दाखवलं, आणि ते मी इथे प्रामाणिकपणे सांगते, कारण त्यात तथ्य आहे. तो म्हणाला, "या मुलांना भोपळा शाळेत मिळतो, दुकानात मिळतो, शेजारी मिळतो. कंदील फक्त आपल्या घरात मिळतो. आजची एक संध्याकाळ तरी ती पुरती आपली असू दे."

एवढं बोलून त्याने जाऊन पोर्चचा दिवा बंद केला.

इथे राहणाऱ्याला त्याचा अर्थ ठाऊक असतो. हॅलोविनच्या रात्री पोर्चचा दिवा चालू असेल तर मुलं पायऱ्या चढतात, बंद असेल तर न थांबता पुढे जातात. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दाराशी अंधार! माझ्या आजीने त्या दिवशी गोठ्यातसुद्धा पणती ठेवल्याशिवाय पूजेला हात लावला नसता. आपली संध्याकाळ आपली ठेवायची म्हणून दारातला दिवा घालवायचा, यात आपलं काय राहिलं? मी हे मोठ्याने बोलले. घरात शांतता पसरली. वहिनी काहीही न बोलता उठल्या, दिवा लावून आल्या आणि म्हणाल्या, "पूजा सहाला सुरू करू. मुलं आली तर मी दार उघडीन."

इथे ऑक्टोबरअखेरीला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, पण डोंगराच्या कुशीतल्या या गावात अंधार त्याच्या आधीच उतरतो. आरती चालू असतानाच पहिली घंटी वाजली. दारात दोन चिमुरड्या, एक सांगाडा आणि एक मधमाशी, दोघींच्या सोंगावर जाड जाकिटं. पायऱ्यांवर काचेच्या भांड्यांत पणत्या, वर आकाशकंदील, उंबऱ्याशी रांगोळी. मधमाशीने रांगोळीवर पाय पडू नये म्हणून उडी मारली आणि तिच्या मागून येणाऱ्या प्रत्येक मुलाला बजावलं की यावर पाय द्यायचा नाही. तिला कुणीही काही सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर रांग लागली. भाऊ आत पाटासमोर बसून होता, पण त्याची मान दाराकडे होती.

पूजा झाल्यावर मी नरकासुराला घेऊन गल्लीत गेले. प्रत्येक दारात तोच प्रश्न, तू कोण आहेस? आणि दहा वर्षांचंही नसलेलं ते पोर प्रत्येक दारात गोष्ट सांगू लागलं: मी नरकासुर, मी सोळा हजार बायकांना कोंडून ठेवलं, मला कृष्णाने मारलं, म्हणून आज आमच्या घरी दिवे आहेत. पहिल्या दारात अडखळत, चौथ्या-पाचव्या दारात हातवारे करून. वर्षानुवर्षं रविवारच्या मराठी शाळेत ही गोष्ट सांगून जे झालं नव्हतं, ते त्या गल्लीत झालं. एका पोरसवदा बापाने तर त्याला थांबवून सत्यभामेचं नाव दोनदा विचारून घेतलं. भाऊचं म्हणणं होतं की मुलगा आपलं विसरेल. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं की परक्या दारात उभं राहून ते त्याला पाठ झालं.

गल्लीच्या टोकाला एक आजीबाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. नरकासुराची गोष्ट ऐकून त्यांनी बदल्यात त्यांच्या गावची सांगितली. एमा क्रॉफर्ड ही क्षयाची रोगी तरुणी इथल्या हवेसाठी आणि खनिज झऱ्यांच्या पाण्यासाठी आली. १८९१ मध्ये वारली. तिच्या इच्छेप्रमाणे तिला गावावरच्या रेड माउंटनवर पुरलं. १९२९ मध्ये पावसाने डोंगर धुपला आणि तिची शवपेटी घसरत खाली आली. नव्वदच्या दशकापासून गाव तिच्या नावाने शवपेट्यांची शर्यत भरवतं: चाकं लावलेली पेटी, ढकलणारे चौघं आणि आत बसलेली एक 'एमा'. माणूस मेल्यावर त्याला विसरायचं नाही आणि त्याचं भयही धरायचं नाही, हे ज्या गावाला जमलं त्याला 'भुताखेतांचं' म्हणून नाक मुरडणं मला पटत नाही. आपणही पितृपक्षात पान वाढतोच, धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणेला दिवा लावतोच. हॅलोविनसुद्धा मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा, सुगी संपून थंडी सुरू होतानाचा. तिकडे सलगम कोरून दिवा करायचे, अमेरिकेत आल्यावर भोपळा हाताशी आला.

आता तुमच्या नियोजनाबद्दल. शर्यत बहुधा हॅलोविनच्या आधीच्या शनिवारी असते, त्यामुळे तारीख पाहूनच घर ठरवा. त्या दिवशी मुख्य रस्ता बंद आणि पार्किंग जवळपास अशक्य, तेव्हा गावातच मुक्काम हवा. मॅनिटू सुमारे ६,४०० फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही हजारेक फूट उंच. पहिल्या दिवशी पाणी भरपूर प्या, दारू जपून. झऱ्यांचं पाणी गावात ठिकठिकाणी फुकट मिळतं, प्रत्येकाची चव वेगळी, आपला पेला न्या. इन्क्लाइन म्हणजे डोंगरावर सरळ चढत जाणारी पायऱ्यांची वाट. ती चढायची असेल तर आधी नोंदणी लागते. पावणेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या आणि मैलाच्या आत दोन हजार फूट चढ, म्हणून आदल्या रात्रीच्या जागरणानंतर चढू नका.

एस्टेस पार्क गावातलं १९०९ सालचं, भुताटकीच्या गोष्टींसाठी प्रसिद्ध असलेलं स्टॅन्ली हॉटेल या दिवसांत सगळ्यांना हवं असतं. सुंदर आहे, पण खोल्या आणि तिकिटं फार आधी संपतात आणि मला तिथे गावापेक्षा गर्दीच जास्त भेटते. तिथून उंच डोंगरांवरून जाणारा ट्रेल रिज रोड तोवर बहुतेक बर्फामुळे बंद झालेला असतो. आय-७० महामार्गाने वर डोंगरात जाणार असाल तर टायर तपासा. मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात १ सप्टेंबरपासून बर्फासाठीचे टायरचे नियम लागू असतात. लेडव्हिल हे गाव दहा हजार फुटांच्या वर आहे, पहिल्यांदाच डोंगरात येणाऱ्या मित्रांना थेट तिथे नेऊ नका.

दारात येणाऱ्या मुलांना दुकानातली बंद पाकिटंच द्या. घरचा लाडू कितीही प्रेमाने दिलात तरी आईबाप तो खाऊ देणार नाहीत, आणि शेंगदाण्या-काजूची ॲलर्जी ही खरीच भीती आहे. फराळ मोठ्या माणसांना द्या, आत काय आहे ते सांगून. आमची चकली त्या आजीबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतली. निळसर हिरवा भोपळा ज्या दारात दिसेल तिथे खाऊऐवजी लहानसहान खेळणी मिळतात, ॲलर्जीवाल्या मुलांसाठी.

आधी सांगायला हवं होतं ते आता सांगते. पणत्या बाहेर लावण्याआधी घरमालकाला विचारा आणि त्या आठवड्यात आगीवर निर्बंध आहेत का ते पाहा. २०१२ मध्ये वाल्डो कॅन्यनच्या वणव्यात हे अख्खं गाव रिकामं करावं लागलं होतं. वारा असेल तर बॅटरीच्या पणत्या लावा, लक्ष्मी रागावणार नाही. आणि भोपळे, खाऊ, कचरा रात्री आत घ्या. थंडीच्या झोपेआधी अस्वलं खात सुटलेली असतात आणि गावात बिनदिक्कत शिरतात.

२०२६ मध्ये हा पेच तुमच्यापुढे नाहीच. हॅलोविन शनिवारी आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, आणि हॅलोविनच्याच रात्री घड्याळ एक तास मागे जातं, म्हणजे रविवारी, १ नोव्हेंबरला सकाळी तासभर जास्त झोप. तरी तुमच्या मित्रांचा मूळ आक्षेप तारखेचा नसावा असं मला वाटतं. डोंगरातल्या गावात घर घ्यायचं, पडदे ओढायचे, बिर्याणी, पत्ते आणि आपलीच गाणी, असा बेत असेल तर त्यासाठी दीड तास गाडी हाकायची गरज नाही, ते कुणाच्याही तळघरात होतं. भाऊला मी हेच म्हटलं होतं, आणि तो अजून म्हणतो की मी त्याच्या पोराला फितवलं. मुखवटा मात्र त्याने त्याच्या घरी पुस्तकांच्या कपाटावर ठेवला आहे.

तेव्हा घराचे पैसे भरण्याआधी गटात उघड विचारून घ्या: त्या रात्री दारातला दिवा चालू राहणार की नाही? ज्यांना तो बंद हवा आहे त्यांनी दुसऱ्या वीकेंडला जावं. उरलेल्यांनी गोळ्यांची दोन मोठी पाकिटं जास्तच घ्यावीत, उतारावरच्या गल्ल्यांत मुलं वाटतात त्याहून बरीच असतात.