घाटाचा छेद काढताना: वाचकांचे प्रश्न

उंचीच्या डेटावरून छेद काढणं, म्हणजे नकाशावर रेघ ओढून तिच्यावरच्या चढ-उतारांचा आलेख मिळवणं, आता चार क्लिकचं काम झालं आहे. त्यामुळे ‘कसा काढू?’ असं फारसं कोणी विचारत नाही. ‘काढला, पण पटत नाही’ अशीच बहुतेकांची तक्रार असते. सहा प्रश्न निवडले आहेत. सगळे सह्याद्रीच्या परिसरातले आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचे.

प्रश्न: प्रोफाईलची (छेदाची) खिडकी उघडते, नकाशावर रेघही ओढता येते, पण आलेख कोराच राहतो. काय चुकतंय?

बहुधा एक खूण करायची राहिली आहे. रास्टर लेअरच्या, म्हणजे चौकोनाचौकोनाने उंची साठवणाऱ्या थराच्या, ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘एलिव्हेशन’ या भागात जा आणि ‘रिप्रेझेंट्स एलिव्हेशन सरफेस’ हा पर्याय चालू करा. ही फाईल उंचीची आहे हे क्यूजीआयएसला आपणहून कळत नाही, सांगावं लागतं. मग प्रोफाईलच्या खिडकीत डावीकडे त्या लेअरवर टिक आहे ना, तेही बघा. ही सोय 3.26 आवृत्तीपासून आली. त्याआधीची आवृत्ती असेल तर प्लगइन शोधत बसण्यापेक्षा सरळ नवी आवृत्ती टाका.

प्रश्न: आलेखावर अलिबाग ते पुणे हे अंतर 0.99 दिसतं. हे कसलं एकक?

अंश. तुमचा प्रोजेक्ट अक्षांश-रेखांशांत आहे. प्रोजेक्टची निर्देशांक प्रणाली बदलून यूटीएम (जागा मीटरमध्ये मोजणारी प्रणाली) झोन 43 उत्तर करा. क्यूजीआयएसच्या यादीत तिचा सांकेतिक क्रमांक ईपीएसजी 32643. अंतर मीटरमध्ये येईल. 78 अंश पूर्वेच्या पलीकडे, म्हणजे नागपूर-चंद्रपूरकडे काम असेल तर झोन 44, ईपीएसजी 32644. उताराचा नकाशाही करायचा असेल तर रास्टरच नव्या प्रणालीत बदलून घ्या. नाहीतर आडवं अंतर अंशात आणि उंची मीटरमध्ये धरली जाते आणि सगळा जिल्हा उभा कडा झालेला दिसतो.

प्रश्न: प्रबंधासाठी किनाऱ्यापासून पुण्यापर्यंतचा छेद काढला. घाट अगदी भिंतीसारखा दिसतो. मार्गदर्शक म्हणतात, हा छेद चुकीचा आहे. डेटा तर बरोबर आहे!

डेटा बरोबर आहे आणि मार्गदर्शकांचा आक्षेपही योग्य आहे. घोळ दोन अक्षांच्या प्रमाणांत आहे.

आकडे मांडून बघू. अंतर ढोबळमानाने 100 किलोमीटर, आलेखाची रुंदी 25 सेंटीमीटर. म्हणजे आडवा 1 सेंटीमीटर बरोबर 4 किलोमीटर. हेच प्रमाण उभ्या अक्षाला लावलं तर हजार मीटरचा डोंगर अडीच मिलिमीटर उंच होईल. अख्खा सह्याद्री कागदावर एक जाडसर रेघ. म्हणून उंची ताणावीच लागते. उभा 1 सेंटीमीटर बरोबर 200 मीटर घेतला की तोच डोंगर 5 सेंटीमीटरचा होतो, वाचता येतो. पण उंची 20 पट ताणली गेलेली असते.

या ताणाने उंची 20 पट होते, कोन मात्र त्या पटीत वाढत नाहीत. जमिनीवरचा 3 अंशांचा उतार आलेखात साधारण 46 अंशांचा दिसतो आणि 30 अंशांचा उतार 85 अंशांचा. पठारावर जिथून बैलगाडी सहज जाते ती जागा डोंगर वाटू लागते आणि खरोखरचा चढ तुम्ही म्हणता तशी भिंत होतो. अशा आलेखावरून ‘घाटाची पश्चिम बाजू जवळजवळ उभी आहे’ असं वाक्य प्रबंधात गेलं तर परीक्षक त्यावर बोट ठेवणारच.

तेव्हा तीन गोष्टी करा. आकृतीखाली ‘उंचीची ताण 20 पट’ असं स्पष्ट छापा. हे न लिहिलेला छेद मी अपुरा मानतो. उताराचा कोन आकृतीवरून मोजू नका. नव्या आवृत्त्यांत अंतर आणि उंचीचा तक्ता बाहेर काढता येतो, त्यातून उंचीतला फरक भागिले अंतर असा उतार काढा. आणि फक्त घाटाच्या कड्याचा, समजा 5 किलोमीटरचा, वेगळा छेद दोन्ही अक्ष एकाच प्रमाणात ठेवून जोडा. दोन आकृत्या शेजारी आल्या की वाचणाऱ्याचा गैरसमज होत नाही.

प्रश्न: आम्ही ट्रेकर मंडळी. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा छेद काढला तर कडा उतरता दिसतो, आत वळलेला भाग गायबच. कळसूबाईही 1646 मीटर भरत नाही. डेटा खराब आहे का?

डेटा खराब नाही, तुम्ही त्याच्याकडून जे मागता ते त्यात मावत नाही. रास्टरमध्ये एका चौकोनाला एकच उंची असते. कोकणकड्याचा वरचा काठ पुढे आलेला आणि खालचा भाग आत गेलेला, म्हणजे एकाच जागी दोन-तीन उंच्या. ही गोष्ट कितीही चांगल्या रास्टरमध्ये दाखवता येणार नाही.

शिवाय मोफत मिळणारा डेटा 30 मीटरचा, म्हणजे एक चौकोन साधारण 30 मीटर रुंद. 300 मीटरचा सरळसोट कडा समजा चार चौकोनांत पसरला, की छेदात त्याचा उतार 68 अंशांवर येतो. शिखराचंही तेच. कळसूबाईचा माथा इवलासा. त्या चौकोनात आजूबाजूची उतरती जमीनही धरली जाते आणि उंची कमी भरते. फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातून रडारने गोळा केलेला एसआरटीएम डेटा वापरत असाल, तर रडारच्या सावलीत राहिलेल्या कड्यांखालच्या काही जागा नंतर भरलेल्या आहेत, हेही लक्षात असू द्या. सह्याद्रीसाठी मी कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाचा 30 मीटरचा डेटा सुचवेन. आणि रेघ कड्याच्या काठाला काटकोनात ओढा. तिरकी ओढली की आडवं अंतर वाढतं आणि कडा आणखी लोळतो.

प्रश्न: मोबाईलच्या जीपीएसची उंची आणि छेदातली उंची यांत साठ-पासष्ट मीटरचा फरक येतो. सगळीकडे जवळजवळ सारखाच.

सगळीकडे सारखाच येतो, हीच खूण आहे. जीपीएस मुळात उंची मोजतो ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून. एसआरटीएम आणि कोपर्निकसमधल्या उंच्या सरासरी समुद्रसपाटीच्या जवळच्या पृष्ठापासून असतात. आपल्या भागात हे पृष्ठ लंबगोलाच्या साठेक मीटर खाली आहे. त्यामुळे काही अ‍ॅप अलिबागच्या वाळूत उभं राहिल्यावरही उणे साठच्या आसपास उंची दाखवतात. काही अ‍ॅप ही दुरुस्ती स्वतः करतात. दोन स्रोतांचे आकडे एका आलेखात घालण्याआधी दोन्ही कशापासून मोजले आहेत ते तपासा.

प्रश्न: गावाच्या वर, देवराईत झरा आहे. तिथून पाईपने पाणी उताराने गावातल्या टाकीत आणायचंय. अंतर सव्वा किलोमीटर. छेदात झरा टाकीपेक्षा 9 मीटर वर दिसतो. काम सुरू करू का?

पाईप विकत घेऊ नका, एवढ्यावर तर नाहीच.

एसआरटीएमच्या उंचीत 16 मीटरपर्यंतची चूक त्याच्या मूळ निकषातच मान्य केलेली होती. प्रत्यक्षात डेटा त्याहून बरा निघतो, पण डोंगराळ भागात काही मीटरची चूक धरूनच चालावं लागतं. तुमचा सगळा उतारच 9 मीटरचा आहे. त्यात झरा देवराईत. अंतराळातून मोजलेल्या अशा डेटात दाट झाडी असेल तिथे जमिनीऐवजी शेंड्यांच्या जवळपासची उंची नोंदली जाते. म्हणजे झरा आहे त्यापेक्षा बराच वर दिसत असणार. टाकी उघड्या माळावर असेल तर तिची उंची जवळपास खरी, झऱ्याची फुगवलेली. 9 मीटरचा फरक कदाचित उरणारही नाही.

छेदाचा उपयोग मार्ग निवडायला करा. दोन-तीन वाटांचे छेद काढा. ज्या वाटेवर मधे झऱ्याहून उंच उंचवटा लागतो ती सोडून द्या. पाणी तो आपणहून ओलांडणार नाही. उरलेल्या वाटेवर ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) घेऊन माणूस चालवा. दर 20-25 मीटरवर आणि प्रत्येक चढ-उताराच्या जागी वाचन घ्या. शेवटी परत झऱ्यापर्यंत लेव्हल नेऊन ताळा जुळतो का ते पाहा. पावसाळ्यातला नव्हे, मे महिन्यातला प्रवाह मोजा. लेव्हल करणाऱ्याला तुमचा छेद छापून द्या. उंचवट्यांवर हवा अडकते, तिथे एअर व्हॉल्व्ह लागेल. खोलगट जागी गाळ बसतो, तिथे तो काढायचा व्हॉल्व्ह. या जागा त्याने लेव्हल घेतानाच खुंट्या ठोकून ठेवल्या, तर खोदाईच्या दिवशी वाद होत नाही.