दिव्याखालून काढल्यावर डिश कुठे ठेवली होतीत?

राधानगरीकडच्या भातखाचरातल्या मातीतून ॲनाबिना हा तंतूसारखा सायनोबॅक्टेरिया (नीलहरित जिवाणू) वाढवून तुम्ही त्याचे ॲकिनीट, म्हणजे जाड कवचाच्या सुप्त पेशी, वेगळे केले आणि नायट्रेट असलेल्या व नसलेल्या बीजी-११ या वाढमाध्यमात अंकुरायला ठेवले. साध्या डिशमध्ये दोन्हीकडे अंकुर जवळपास सारखेच फुटले. जंतुनाशक यूव्ही (अतिनील) दिव्याखाली धरलेल्यांत मात्र नायट्रेट नसलेले जास्त मेले, आणि पुन्हा प्रयोग केल्यावर आकडे जुळले नाहीत. असं का, हा तुमचा प्रश्न.

आधी सारख्या अंकुरांबद्दल. ॲकिनीट उपाशी झोपत नाही. त्याच्या पोटात सायनोफायसिन या नायट्रोजनच्या साठ्याचे कण भरलेले असतात. ॲस्पार्टिक आम्लाची साखळी आणि तिच्या प्रत्येक कडीला लटकलेलं एक आर्जिनिन, अशी त्याची घडण. आर्जिनिनमध्ये नायट्रोजनचे ४ अणू, ॲस्पार्टिकमध्ये १. म्हणजे कडीमागे ५. एवढी शिदोरी असल्यावर बाहेर नायट्रेट नसलं तरी कवच फुटतं आणि पहिलं थोडं पेशीविभाजनही होतं. नायट्रोजनचा फरक दिसतो तो त्यानंतर. नायट्रेट असेल तर कोवळा तंतू साधा वाढतो. नसेल तर त्याला लवकर हेटरोसिस्ट ही खास पेशी तयार करून तिच्यात हवेतला नायट्रोजन पकडावा लागतो.

(तुमच्या नायट्रेटविना माध्यमात फेरिक अमोनियम सायट्रेट तसंच आहे का, ते बघा. लिटरला ६ मिलिग्रॅम म्हणजे फार नाही, पण थोडं अमोनियम त्यातून मिळतंच. त्याऐवजी फेरिक सायट्रेट घ्या.)

आता यूव्ही. २५४ नॅनोमीटरचे किरण थेट डीएनएत शोषले जातात आणि त्यातले शेजारशेजारचे थायमिन हे घटक एकमेकांना चिकटतात. प्रथिनंही सुटत नाहीत, आणि हवेतला नायट्रोजन पकडणारं विकर (एन्झाइम) नायट्रोजिनेज तर फारच नाजूक. नायट्रेट मिळालेल्या तंतूला त्याची गरजच नसते. नायट्रेटविना तंतू मात्र दोन्हीकडून अडकतो: शिदोरी संपत आलेली, आणि नवी कमाई ज्याच्यावर व्हायची ते यंत्रच मोडलेलं. तुमच्या डिशमध्ये हेच झालं असावं असं मला वाटतं.

आकडे न जुळण्याचं कारण मला दुसरीकडे दिसतं. सायनोबॅक्टेरियात फोटोलायेज नावाचं विकर असतं. निळा प्रकाश किंवा यूव्ही-ए मिळाला की ते चिकटलेले थायमिन सोडवतं. म्हणजे एका दिवशी डिश खिडकीशी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कपाटाच्या सावलीत, तर तेवढ्याच मात्रेला निकाल वेगळा येणार. मीही माझ्या पहिल्या प्रयोगात डिश ट्यूबलाइटखाली ठेवून मोजत बसलो होतो, आणि दुरुस्त झालेल्या पेशींना चिवट समजलो. संपूर्ण अंधारही चालणार नाही, कारण अंकुरायला प्रकाश लागतो. म्हणून एक संच लाल प्रकाशात ठेवा. त्यात अंकुरण होतं, पण फोटोलायेजला लागणारा निळा प्रकाश नसतो. दुसरा संच पांढऱ्या प्रकाशात ठेवा. दोन्हींतला फरक म्हणजे प्रकाशाने झालेली दुरुस्ती.

झाकण काढलं होतंत ना? काच आणि पॉलिस्टायरिन दोन्ही २५४ अडवतात. पाण्याचा थरही पातळ हवा, नाहीतर वरचे ॲकिनीट खालच्यांवर सावली धरतात. डोळे आणि हात मात्र झाका, यात हयगय नको.

मोजताना ‘अंकुरले’ असा एकच रकाना करू नका. कवच फुटलं, तंतू लांबला, हेटरोसिस्ट आला, हे तिन्ही वेगळे लिहा. कवच फुटणं शिदोरीवर भागतं, पुढचं नाही. १९३९ साली पी. के. डे यांनी भातखाचराच्या सुपीकतेचं श्रेय याच जिवांच्या नायट्रोजन स्थिरीकरणाला दिलं. मे महिन्यात भेगाळलेल्या खाचरात उन्हात पडलेले ॲकिनीट मृगाच्या पावसाने उठतात तेव्हा भाताच्या लावणीला उपयोगी पडतो तो हा तिसरा रकाना, हेटरोसिस्टचा. तुमच्या तक्त्यात नेमका तोच नाही. आधी तो भरा, मग आकडे इथे टाका. मी बघतो.