वाचकांचे प्रश्न : ‘खंबीर’ या शब्दाचे ओझे

कपाशीची वेचणी सुरू झाली की मनाच्या बळाविषयीच्या या सदराकडे येणारी पत्रे कमी होतात आणि हंगाम सरला की एकदम वाढतात, असा माझा आजवरचा अनुभव आहे. या खेपेला ऐन हंगामात तीन पत्रे आली. ज्यांना बसायला उसंत नाही त्यांनी वेळ काढून लिहिले, म्हणून त्यांना आधी उत्तरे देत आहे. नावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. वय ४६. चार वर्षांपूर्वी माझ्या यजमानांनी आत्महत्या केली. कर्ज होते, आजारपण होते, आणखी काय होते ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. तेव्हापासून पाच एकर वावर मीच पाहते. माझी शाळा सातवीत सुटली होती. यंदा लेकीच्या आग्रहाने सतरा नंबरचा (शाळेत न जाता परीक्षा देणाऱ्यांचा) फॉर्म भरून दहावीला बसले आहे. वेचणाऱ्या बायांचा हिशेब लिहून झाला की त्याच वहीच्या मागच्या पानांवर गणिते सोडवते. गावात सारे मला ‘खंबीर बाई’ म्हणतात. पण एखाद्या दिवशी भाकरी थापता थापता रडू फुटते, आणि एखाद्या दिवशी गणित सुटले की इतका आनंद होतो की माझी मलाच लाज वाटते. मी त्यांना विसरले का? सातबाऱ्यावर अजून माझे नाव चढलेले नाही. सासूबाई म्हणतात, घाई कशाची?

उत्तर : ताई, तुम्ही विसरलेल्या नाहीत. भाकरीपाशी रडणारी आणि गणित सुटल्यावर हसणारी बाई एकच आहे, आणि तिच्यात बिघडलेले काही नाही. शोकाचा अभ्यास करणारे नेदरलँड्समधील दोन मानसशास्त्रज्ञ, मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट, यांनी १९९९ मध्ये अशी मांडणी केली की जवळचे माणूस गेल्यावर मन दोन घरांत येरझारा घालते. एका घरात गेलेल्या माणसाची आठवण, हंबरडा आणि ‘असे का झाले’ हा प्रश्न असतो. दुसऱ्या घरात बी-बियाणे, मुलांची फी, बँकेचे काम आणि स्वतःचे नवे रूप असते. जो कायमचा पहिल्या घरात बसतो तो खचतो, आणि जो पहिल्या घराला कुलूप लावून दुसऱ्यातच राबतो त्याचेही पुढे कठीण होते. येरझारा चालू असणे हेच निरोगी प्रकृतीचे लक्षण मानले जाते. तुमचे पत्र वाचताना मला त्या येरझाराच दिसल्या.

आता त्या ‘खंबीर’ शब्दाविषयी. आपल्याकडे तेरावा होतो न होतो तोच हा शब्द बाईच्या ओटीत घातला जातो. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट नसते, पण मला स्वतःला या कौतुकाचा थोडा रागच आहे, कारण त्याला खर्च येत नाही. खंबीर ठरलेल्या बाईच्या वावरात डवरा हाकायला कुणाला जावे लागत नाही, तिच्या औषधाचे पैसे विचारावे लागत नाहीत, आणि तिने एखाद्या दिवशी ‘आज माझ्याने होत नाही’ म्हटले तर उलट तिलाच टोकले जाते. तेव्हा पुढच्या वेळी कुणी तसे म्हणाले तर संकोच न करता सांगा की भाऊ, खंबीर आहे ते ठीक, पण परवा मजूर मिळत नाहीत, तुमच्या घरची दोन माणसे पाठवता का? किती जण पाठवतील याची खात्री देत नाही. मागायची सवय मात्र तुम्हाला लागेल, आणि चार वर्षांत ती तुमच्या अंगातून गेली असावी असे तुमच्या पत्रावरून वाटते.

गणिताची भीती बाळगू नका. कोणत्या बाईने किती किलो वेचले, किलोमागे दर काय, आठवड्याची उचल वजा जाता कुणाचे किती निघाले, आणि व्यापाऱ्याने लावलेली कट्टी, म्हणजे कपात, बरोबर आहे की नाही, हे ज्या वहीत तुम्ही रोज मांडता त्याच वहीत शेकडेवारी आणि समीकरणेही आहेत. पुस्तकाने त्यांना फक्त वेगळी नावे दिली आहेत. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण लागतात, आणि एखादा विषय राहिलाच तर तेवढ्याच विषयाची परीक्षा पुन्हा देता येते. परीक्षा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, म्हणजे वेचणीचा जोर ओसरल्यावर तुम्हाला थोडे दिवस मिळतील. तोवर रोज एक तास पुरे. तो शक्यतो पहाटेचा असू द्या, कारण दिवसभर वाकून वेचल्यावर रात्री डोळे मिटतात आणि मग माणूस स्वतःलाच आळशी ठरवतो.

सासूबाईंचे म्हणणे मात्र मला मान्य नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ नुसार, मृत्युपत्र नसेल तर पतीच्या पश्चात पत्नी, मुलगे, मुली आणि पतीची आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस असतात. म्हणजे त्यात सासूबाईंचाही हिस्सा आहे, आणि हे त्यांना समजावून सांगितले तर कदाचित विरोध मावळेल. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती जोडून तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, पोच घ्या, आणि फेरफार मंजूर झाला की सातबारा स्वतः वाचून पाहा. मनाच्या बळाविषयीच्या सदरात सातबारा कशाला, असे कुणाला वाटेल. परंतु नाव नसेल तर पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई या प्रत्येक ठिकाणी बाईला दुसऱ्याच्या सहीसाठी थांबावे लागते, आणि असे थांबणे माणसाला जितके खचवते तितके कष्टही खचवत नाहीत.

एक सावधगिरी सांगते. येरझारा थांबून सलग दोन आठवडे झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, कशातच मन लागेना, किंवा ‘आपणही नसलेले बरे’ असा विचार एकदा जरी आला, तर परीक्षा आणि वेचणी दोन्ही बाजूला ठेवा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे; तो निःशुल्क आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. शेतकरी कुटुंबांसाठी २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला, त्यात गावच्या आशाताईंवरही अशा घरांची विचारपूस करण्याचे काम सोपवले होते. तेव्हा त्यांच्यापाशी हा विषय काढायला लाजू नका. त्यांना तो नवा नाही.

प्रश्न : मी वरुड तालुक्यातील २८ वर्षांचा तरुण आहे. पाच वर्षे पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा दिल्या. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो, पुढे गेलो नाही. वडिलांनी पैसे थांबवले नाहीत, मीच परत आलो. आता त्यांच्याबरोबर संत्र्याच्या बागेत जातो, पण चौकात जाण्याची लाज वाटते. आयुष्याची गाडी चुकली असे वाटते.

उत्तर : हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातील भांडणे, आई किंवा वडिलांचे आजारपण अशा एकाहून अधिक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले धडधाकट मनाची निघाली, आणि तेवढाच निष्कर्ष बहुतेक ठिकाणी सांगितला जातो. मला त्याहून मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. अठराव्या वर्षी जी मुले ‘वाया गेली’ असे वाटत होते, त्यांतील बहुसंख्य तिशी-चाळिशीत सावरलेली आढळली. कुणी पुन्हा शिकायला लागले, कुणी सैन्यात गेले, कुणाला समंजस जोडीदार मिळाला. गाडी एकच असते आणि ती एकदाच येते, हे गणित त्या बेटावर तरी खरे ठरले नाही.

तुम्हाला सल्ला एवढाच की बागेत ‘तात्पुरता’ म्हणून जाऊ नका. या वर्षी आंबिया बहाराचा एक तुकडा वडिलांकडून मागून घ्या आणि पाण्याचा ताण देण्यापासून फळ विकेपर्यंतचा त्याचा हिशेब सर्वस्वी तुमच्याकडे ठेवा. फळगळ झाली तरी ती तुमची, भाव मिळाला तरी तो तुमचा. चौकातही जा. तुमच्या निकालाची चर्चा करणाऱ्यांना आठ दिवसांत दुसरा विषय मिळतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

प्रश्न : ताईंना नमस्कार. हे पत्र माझी नात लिहीत आहे. मी वर्धा जिल्ह्यातील सुतार, वय ६१. बंड्या, तिफणी, वखर, घराच्या चौकटी, सारे केले. दोन वर्षांपूर्वी सोयाबीन काढताना माझा उजवा हात थ्रेशरमध्ये गेला आणि कोपराखाली कापावा लागला. तेव्हापासून ओसरीवर बसून आहे. एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, ती नातीलाच सांगितली. रात्री तो नसलेला हात मला जाणवतो. मूठ घट्ट आवळलेली असते, नखे तळव्यात रुततात आणि उघडता उघडत नाही. सुनेला वाटले बाहेरची बाधा आहे, म्हणून एका जाणत्याकडेही नेऊन आणले. मला वेड लागते आहे का? या वयात आता नवीन काय होणार?

उत्तर : दादा, वेड मुळीच नाही आणि बाधाही नाही. हात कापला जातो, पण मेंदूत त्या हाताची जी जागा असते ती शाबूत राहते. अवयव गमावलेल्या बहुतेकांना तो आहे असेच जाणवत राहते आणि पुष्कळांना त्यात कळाही येतात. आवळलेली मूठ ही तर नेहमीची तक्रार आहे. १९९० च्या दशकात विलयनूर रामचंद्रन या भारतीय वंशाच्या मेंदूतज्ज्ञांनी यावर अगदी साधा उपाय करून पाहिला. दोन्ही हातांच्या मध्ये आरसा उभा ठेवायचा, असा की चांगल्या हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसावे. मग डावी मूठ आवळायची आणि सावकाश उघडायची. डोळ्यांना उजवी मूठ उघडताना दिसते, आणि काही जणांची ती न उघडणारी मूठ त्यामुळे सैल होते. सर्वांना गुण येतोच असे नाही. म्हणून जिल्हा रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना आणि भौतिकोपचार करणाऱ्यांना हे सारे जसे नातीला सांगितले तसेच सांगा. या कळांवर औषधेही आहेत. त्याच फेरीत दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचेही विचारून या. आणि सूनबाईंना हे उत्तर अवश्य वाचून दाखवा. त्यांनी केले ते काळजीपोटीच केले.

या वयात काय होणार, हा प्रश्न वर्ध्याच्या माणसाने विचारावा याचे मला जरा नवल वाटले. तुमच्याच जिल्ह्यात, हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमटे यांनी वकिली सोडून १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले, तेव्हा त्यांच्याबरोबर कुष्ठरोगाने बोटे झडलेली माणसे होती. त्या माणसांनी तेथील खडकाळ जमिनीत विहीर खणली, शेती पिकवली, पुढे इमारतीही उभ्या केल्या. हत्यार हाताला जुळत नव्हते तेथे त्यांनी काम करण्याची रीत बदलली.

वाकस, म्हणजे लाकूड तासायचे ते हत्यार, आता चालणार नाही, हे मान्य करावे लागेल, आणि त्याचे दुःख करायलाही हरकत नाही. चाळीस वर्षांचा सोबती गेला आहे. पण फळी बाकाला आवळून धरणारा शिकंजा बसवला तर करवत एका हाताने चालते. शिवाय लाकूड पाहून त्याला गाठ कुठे निघेल, ते उन्हाळ्यात किती फाकेल, तिफणीचा दांडा कुठे छेदायचा, हे तुमच्या उजव्या हातात कधीच नव्हते. ते डोळ्यांत होते आणि अजून आहे. गावात फर्निचरचे काम शिकू पाहणारा एखादा मुलगा असेलच. त्याला आठवड्यातून दोन दिवस ओसरीवर बोलवा. पहिले काही दिवस तुमची चिडचिड होईल, कारण जे तुम्ही क्षणात केले असते त्याला तो अर्धा तास लावेल. तेव्हा डाव्या हातात पेन्सिल धरून खूण तुम्हीच करून द्या.

पेन्सिलीला हात बसावा म्हणून पुढचे पत्र नातीकडून न लिहवता तुम्हीच डाव्या हाताने लिहा. दोन ओळी पुरेत. अक्षर वाकडे आले तरी मला वाचता येईल.