आईपासून तोडलेली मुलं : तुमचे प्रश्न

प्रश्न : आम्ही मेलबर्नला नवीनच आलोय. मुलीच्या शाळेत २६ मेला ‘सॉरी डे’ आहे. हे सॉरी कशाबद्दल?

ताई, साधारण १९१० ते १९७० या काळात ऑस्ट्रेलियात अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, मुलं आईवडिलांकडून काढून घ्यायचे, सरकारी धोरणच होतं ते, आणि गोऱ्या घरांत नाहीतर संस्थांमध्ये ठेवायचे. १९९७ च्या चौकशी अहवालाचा अंदाज असा की दहात एक ते तिनात एक मूल असं नेलं गेलं. न्यू साउथ वेल्समधल्या किंचेला बॉइज होममध्ये तर पोरांना नावाऐवजी नंबरने हाक मारायचे. लेकीला निदान एवढं तरी सांगाच.

प्रश्न : पण ते मुलांच्या भल्यासाठीच होतं ना? शिक्षण, जेवण तरी मिळालं असेल.

राग नाही येत, पण वाईट वाटतं, कारण तेव्हाचे अधिकारीही हेच म्हणायचे. ब्रूस ट्रेव्हरोचं ऐका. १९५७ च्या नाताळात तेरा महिन्यांचं हे बाळ पोट दुखतं म्हणून अ‍ॅडलेडच्या हॉस्पिटलात नेलं, आणि दोनेक आठवड्यांत आईबापांना न विचारता एका गोऱ्या कुटुंबाला देऊन टाकलं. आईने पत्र लिहून विचारलं, बाळ कसंय, घरी कधी पाठवताय? उत्तर आलं की तब्येत सुधारतेय पण डॉक्टर अजून सोडत नाहीत. बाळ तेव्हा हॉस्पिटलात नव्हतंच हो! २००७ मध्ये कोर्टाने ते बेकायदा ठरवून ५,२५,००० डॉलर भरपाई दिली, आणि पुढच्याच वर्षी ब्रूस गेले.

प्रश्न : माफी झाली, पैसे दिले, मग अजून काय हवंय?

पंतप्रधान केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ ला संसदेत माफी मागितली, पण तिच्यासोबत भरपाई नव्हती. ती राज्याराज्याने वेगवेगळी दिली, टास्मानियाने २००६ मध्ये कायदा केला, व्हिक्टोरियाने २०२२ मध्ये माणशी एक लाख डॉलरची योजना आणली, आणि तोवर किती आया वाट बघत गेल्या. माझ्या मते खरा न्याय म्हणजे माणूस आपल्या माणसांत परत पोचणं. लिंक-अप ही संस्था १९८० पासून तेच करतेय, जुन्या फायली काढून आई, भावंडं शोधून देते, भेटीच्या वेळी सोबत जाते. कधीकधी भेट थडग्याशीच होते, तरी लोक जातात. किंचेलाच्या मुलांनीही मोठेपणी स्वतःची संस्था काढली, एकमेकांना आणि आपापल्या घरच्यांना सावरायला.

प्रश्न : आता तरी थांबलंय का?

नाही. देशातल्या मुलांमध्ये मूळ रहिवाशांची मुलं सुमारे ६ टक्के, पण घराबाहेर सरकारी देखरेखीखाली ठेवलेल्यांत ४० टक्क्यांच्या वर. म्हणूनच त्यांच्या संघटना म्हणतात की मूल हलवायची वेळ आलीच तर आधी आजी, मावशी, काका यांना विचारा.