प्रार्थनेचा विषय क्रमांक पाच

«मावशी, सलाम. आम्ही बीड जिल्ह्यात राहतो. आमचे हे चौदा वर्षांपासून मिशनरी म्हणून तांड्या-वस्त्यांवर काम करतात. मुलगी नववीत आहे, मुलगा चौथीत. मुलगी गेल्या वर्षापर्यंत संडे स्कूलमध्ये कोरस म्हणायला सगळ्यांच्या पुढे असायची. मे महिन्यापासून घरच्या प्रार्थनेत तोंड उघडत नाही, उपासनेला पार मागच्या सतरंजीवर बसते, आणि कोणी पाहुणे आले की म्हणते, माझं नाव घेऊ नका. मंडळीतले (चर्चमधले) वडीलधारे यांना टोचून बोलतात. सासूबाई म्हणतात, मिशनरींच्या मुलांसाठी बोर्डिंग असतं तिथं टाका, वळण लागेल. मला वाटतं हे सगळं मोबाइलमुळं आहे. तिचा विश्वास टिकावा म्हणून काय करावं? बोर्डिंगला पाठवावं का? आमच्या कामाची कल्पना यावी म्हणून या महिन्याचं प्रार्थनापत्र सोबत जोडलं आहे. – एक आई»

बाई, सलाम.

पत्र तुम्ही पाच पानांचं लिहिलंत (वर त्यातलं मोजकंच छापलं आहे) आणि मुलीच्या वागण्याचं कारण मात्र सोबत जोडून पाठवलंत.

इतर वाचकांसाठी सांगते. मिशनरीला सरकारी पगार नसतो. पुण्या-मुंबईच्या, नगरच्या मंडळ्या आणि काही घरं दर महिन्याला जमेल तसे पैसे पाठवतात, त्यावर घरही चालतं आणि कामही. त्या लोकांना महिन्याच्या महिन्याला कामाची हकीकत आणि प्रार्थनेचे विषय कळवायचे, असा रिवाज आहे. पूर्वी हे पत्र सायक्लोस्टाइल करून टपालानं जायचं, आता पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर जातं. याला माझी काहीच हरकत नाही. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणारे मिशनरी नारायण शेषाद्री १८७३ साली पार न्यूयॉर्कच्या परिषदेत भाषण करून आले होते. दूरच्या लोकांच्या आधारावर काम करायचं तर त्यांना ते सांगावंच लागतं.

आता तुमचं प्रार्थनापत्र. वरच्या कोपऱ्यात चौघांचा फोटो आहे. फोटोतल्या मुलीच्या पुढच्या दातांत फट आहे, म्हणजे तो किती जुना असेल ते तुम्हीच मोजा. खाली विषय. एक, तांड्यावरच्या शिकवणीला जागा मिळावी. दोन, बोअरचं पाणी उन्हाळाभर टिकावं. तीन, ऊसतोडीला गेलेली कुटुंबं सुखरूप परतावीत. चार, मोटारसायकलचं इंजिन काम काढतंय, दुरुस्तीची सोय व्हावी. पाच, आमची कन्या, मग तिचं पूर्ण नाव, इयत्ता नववी, गणितात वारंवार नापास, स्वभाव हट्टी व रागीट झाला आहे, प्रभूने तिचे मन नम्र करावे.

इंजिनच्या खाली मुलगी.

तुमच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे. लोक आमच्यावर किती प्रेम करतात हे सांगण्यासाठी तुम्ही ते लिहिलंय आणि लगेच पुढं गेलात. मेच्या सुट्टीत पुण्याच्या एका मंडळीत गेलात, तिथं एका अनोळखी काकूंनी मुलीला जवळ घेऊन विचारलं, ‘काय गं, राग कमी झाला का आता? गणिताचं काय?’ मे महिना, बाई. ती गप्प झाली तो महिना तुम्हीच लिहिलाय. मोबाइलचा काही संबंध नाही.

जरा तिच्या जागी उभ्या राहा. परक्या शहरात, चहाच्या टेबलाशी, तोंडात बिस्कीट, आणि जिला आपण जन्मात पाहिलं नाही अशी बाई आपल्या नापास झालेल्या पेपरबद्दल विचारतेय. हॉलमध्ये आणखी साठ माणसं. त्यांतल्या कोणाकोणाला माहीत आहे? सगळ्यांनाच माहीत असणार. तुमच्या यादीत अडीचशे नंबर आहेत, तेही तुम्हीच लिहिलंय. एरवी कोणा शेजारणीनं तुमच्या घरातली गोष्ट गावभर केली असती तर तुम्ही तिच्या दारात जाऊन भांडला असता. इथं लेकराची लक्तरं आईबापांनीच वेशीवर टांगली आणि वर प्रार्थना म्हणून टांगली, म्हणजे तिला भांडायचीही सोय नाही. भांडली तर ‘हट्टी व रागीट’ हे खरं ठरतं.

तुम्हाला वाटलं असेल, मावशी यजमानांना चार शब्द सुनावतील आणि तुम्हाला धीर देतील. पण पहिल्याच पानावर तुम्ही लिहिलंय की हे तोंडी सांगतात आणि प्रार्थनापत्र तुम्ही टाइप करता, शुद्धलेखनही तुम्हीच बघता. पाचवा विषय तुमच्या बोटांखालून गेलाय. ‘रागीट’ची दुसरी वेलांटी बरोबर काढलीत. मग वाक्य खटकलं कसं नाही?

यावर काय म्हणाल ते मला माहीत आहे. लोक प्रार्थना करतात, त्यात काय वाईट? काहीच नाही. पण देवाला तिची इयत्ता आणि गुणपत्रिका कळवायची गरज नसते, तुमच्याच विश्वासाप्रमाणे त्याला ती आधीच ठाऊक आहे. ‘आमच्या मुलांसाठी प्रार्थना करा’ एवढं पुरे होतं. बाकीचा तपशील वाचणाऱ्यांसाठी होता. तपशील असला की पत्र जिवंत वाटतं, लोक हळहळतात, आणि हळहळलेला माणूस हात सैल सोडतो. तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मुलीला मात्र हिशेब कळतो. आपली फी कुठून येते, नाताळचा फ्रॉक कोणाच्या घरून आला, हे मिशनरीच्या घरातल्या लेकराला फार लवकर कळतं. म्हणून ती तुमच्याशी भांडत नाही. मागच्या सतरंजीवर जाऊन बसते.

मंडळीतले वडीलधारे बायबलमधल्या, पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय काढतात, असंही तुम्ही लिहिलंय. ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही तो मंडळी काय सांभाळणार, वगैरे. ती परीक्षा बापाची आहे, मुलीची नाही. आणि ज्याच्या नावचं ते पत्र आहे त्याच पौलाच्या नावानं इफिस आणि कलस्सैच्या मंडळ्यांना गेलेल्या पत्रांत बापांनाही बजावलेलं आहे की लेकरांना चिडीला आणू नका. ते वचन कमिटीच्या बैठकीत कोणी काढत नाही. शमुवेल एवढा मोठा संदेष्टा, त्याची दोन्ही मुलं बैर-शेब्यात न्यायाधीश होऊन लाच खात होती. शमुवेलाचं नाव त्यामुळं कोणी पुसून टाकलं नाही. यजमानांना हे सांगा, थोडा जीव भांड्यात पडेल.

आयडा स्कडरची गोष्टही तिला ऐकवणं बंद करा. मिशनरी बापाची मुलगी, मी कधी मिशनरी होणार नाही म्हणाली आणि शेवटी वेल्लोरला दवाखाना काढला. गोष्ट खरी आणि मोठी आहे. नववीतल्या मुलीला ती फक्त टोमणा म्हणून ऐकू येते.

त्यापेक्षा वेल्लोरचेच दुसरे डॉक्टर आठवा, पॉल ब्रँड. कुष्ठरोगानं आखडलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ती पुन्हा कामाला लावणारे. तमिळ मुलखातल्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मले, नवव्या वर्षी, १९२३ साली, शिक्षणासाठी इंग्लंडला नातेवाइकांकडं ठेवले गेले. १९२९ मध्ये वडील, जेसी ब्रँड, डोंगरातच तापानं वारले. तार आधी पोहोचली. वडिलांनी मरणापूर्वी धाडलेली पत्रं बोटीनं येत होती, ती त्यानंतरही येत राहिली. त्यांत डोंगरातली झाडं, किडे, पक्षी यांचं वर्णन असायचं. बोर्डिंगची भलामण म्हणून मी हे सांगत नाहीये, वडिलांना तो मुलगा पुन्हा कधी दिसला नाही. मला एवढंच दिसतं की ती पत्रं मुलाला लिहिलेली होती. तुमच्या घरातून दर महिन्याला अडीचशे पत्रं निघतात, त्यांतलं एकही मुलीला नसतं, आणि ती मात्र बहुतेकांत असते.

म्हणून एकच काम सांगते. पुढचं प्रार्थनापत्र टाइप झालं की पाठवायच्या आधी कागदावर छापून घ्या आणि पेनासकट मुलीच्या हातात द्या. म्हणा, तुझ्याबद्दल जे नको ते खोड. ती जे खोडेल ते जाईल. का खोडलं ते विचारायचं नाही. फोटो खोडला तर फोटोही जाईल. सगळं खोडलं तर सगळं, तरी पत्र होतं, इंजिन आणि बोअर आहेच. दर महिन्याला हेच, आणि धाकट्याला वाचता येतं, तेव्हा त्याच्याही हातात तेच पेन. पहिल्या वेळी ती कागद बाजूला टाकेल, कारण तिला हा डाव वाटेल. टाकू द्या. तिनं हात लावला नाही तर तिच्याबद्दलची ओळ तुम्ही स्वतः काढा आणि तशीच प्रत तिला दाखवा.

ती पुन्हा कोरस म्हणेल का, याची हमी मी देत नाही. म्हटलं नाही तरी हे करायचंय.

बोर्डिंगचं नाव सध्या काढू नका. आता पाठवलंत तर तिला ती शिक्षा वाटेल, आणि पुढच्या महिन्यात ‘कन्येला बोर्डिंगमध्ये ठेवले आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा’ असा सहावा विषय तुमच्या हातून टाइप होईल, याची मला खात्री आहे. सासूबाईंना सांगा, दहावीनंतर बघू.

आणि ‘यांना विचारून बघते’ असं मला परत लिहू नका. यांना नंतर सांगा. पत्र तुमच्या मोबाइलवरून जातं.